पेन चालवून पाहण्याबाबत

किरकोळ बांधकाम उपविभागाचे वरिष्ठ लिपिक जयपाल मगदूम यांना सांगलीत निर्व्यसनी माणूस म्हणून मान होता. तंबाखू नाही, सुपारी नाही, चहासुद्धा अर्धाच. शौक एकच. महागड्या परदेशी शाईपेनांच्या स्वस्त नकला मागवायच्या आणि चालवून पाहायच्या. चाळीस हजारांच्या पेनाचा हुबेहूब तोंडवळा साडेतीनशेत घरपोच येतो, हा शोध लागल्यापासून त्यांनी अशी एकोणतीस पेनं तपासली होती. प्रत्येकाची वहीत रीतसर नोंद होती : झाकण किती आट्यांत बसतं, निब कागद ओरबाडते का, खिशात गळतं का. शेवटच्या रकान्यात शेरा, 'अस्सलासारखंच'. अस्सल त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं, त्यामुळे शेरा लिहिताना हात अडखळायचा प्रश्नच नव्हता.

तिसावं पेन सोमवारी आलं. काळं, तुकतुकीत, सोनेरी क्लिपचं. असंच एक पेन उपविभागाचे प्रमुख लालासाहेब काटकर यांच्या खिशाला लटकलेलं मगदुमांनी लांबून पाहिलं होतं, आणि म्हणूनच ते मागवलं होतं. सोबत हिरव्या शाईची नळी मोफत होती. सरकारी कचेरीत हिरवी शाई अधिकाऱ्यांची; लिपिकानं निळ्याकाळ्यात सेवा पूर्ण करावी, असा संकेत आहे. पण हा काही आदेश नव्हता, नुसती चाचणी होती.

चाचणीला कागद बरा लागतो. कार्यालयाच्या नव्या कागदावर शाई अशी पसरायची, की अनुस्वाराचा बत्तासा व्हावा. जुना, जाड कागद एकाच ठिकाणी शिल्लक होता, ओढ्यावरच्या साकवाच्या फायलीत. ओढा सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहायचा. पावसाळ्यात तो दोन्ही जिल्ह्यांचा असे, उन्हाळ्यात कुणाचाच नसे. पलीकडच्या वस्तीतल्या तीस-पस्तीस पोरांना शाळेत जायला त्यावर पायी जाण्यापुरता साकव हवा होता. अकरा वर्षं ही फाईल सातारकर सांगलीला पाठवायचे आणि सांगलीकर साताऱ्याला. ती कुणी उघडणार नाही, याची मगदुमांना खात्री होती. सगळ्या कार्यालयात तिच्याइतकी सुरक्षित जागा नव्हती.

पेन चालवताना माणूस मनात येईल ते लिहितो. प्रेमात पडलेला नाव लिहितो, देवभोळा 'श्री' लिहितो. सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या मगदुमांनी लिहिलं, 'मान्य'. मग निब अडखळते का पाहायला त्याखाली एक नागमोडी रेघ ओढली. रेघ सुरेख आली. काटकर साहेबांची सहीही नेमकी तशीच नागमोडी रेघ होती, हे त्या घटकेला त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते आलं नाथाजींच्या ध्यानात. नाथाजी म्हणजे त्या वस्तीवरचे निवृत्त हवालदार. अकरा वर्षं दर सोमवारी ते वडूजहून एसटीनं यायचे, फायलीवरची धूळ झटकायचे आणि परत जायचे.

"आवं मगदूम सायेब! आलं की मान्य! हिरव्या शाईत हाय!"

मगदुमांनी फाईल पुढ्यात ओढली. "अहो नाथाजी, ते काही नाही. मी पेन चालवून बघत होतो."

"कुनाचं?"

"माझंच."

"आसंल. बंदूक कुनाची का आसंना, गोळी लागली की मानूस पडतो. आर्डर म्हंजी आर्डर. लावा जावक नंबर."

मगदुमांनी पान फाडायला हात घातला. पण टिपणीच्या पानाला क्रमांक होता, आणि क्रमांकाचं पान फाडणं हा शिस्तभंग. मजकूर खोडायचा, तर खोडल्यावर साहेबांची सही लागणार. सही मागायची, तर काय खोडलं ते सांगावं लागणार. नियमाप्रमाणे चूक पुढे पाठवणं एवढाच निर्दोष मार्ग उरत होता. त्यांनी जावक क्रमांक टाकला.

हिरवं 'मान्य' पाहिल्यावर पुढच्या टेबलांनी काही वाचलं नाही. हिरव्याखाली निळी सही, निळ्याखाली काळी. सातारकरांनी 'सांगलीची हरकत नाही, सबब आमचीही नाही' असं कळवलं. नाथाजी फायलीबरोबर टेबलाटेबलावरून गस्त घालत होते. नऊ दिवसांत कार्यादेश निघाला आणि जूनच्या आत साकव उभा राहिला. उद्घाटनाला काटकर साहेबांनी फीत कापली आणि गतिमान प्रशासनावर चाळीस मिनिटं भाषण केलं. आपण हे कधी मंजूर केलं, ते त्यांना आठवत नव्हतं; पण न आठवणारी कामं ते रोजच करत.

पोरं साकवावरून शाळेत जाऊ लागली आणि पंधरवड्यात निनावी तक्रार आली : 'सदर काम वेळेत व दर्जेदार झाले आहे. तरी यामागे काय गौडबंगाल आहे, याची चौकशी व्हावी.'

मुद्दा बिनतोड होता. चौकशीला स्वप्नाली मॅडम नावाच्या तरुण अधिकारी आल्या. त्यांनी फाईल उघडून काटकर साहेबांना पहिलाच प्रश्न विचारला, "हे 'मान्य' आपलंच?"

साहेबांनी पाहिलं. अक्षर आपलं नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं. "अजिबात नाही. कुणीतरी बनावट सही केलीय. अशी रेघ कोणीही ओढेल."

"मग आदेश अवैध. अवैध आदेशावरचं बांधकामही अवैध. साकव पाडावा लागेल."

दाराशी उभे असलेले नाथाजी आत आले. "बाई, पाडा की. पर आदी त्येवर हुबं ऱ्हावून पोरास्नी सांगा, उद्यापास्नं शाळंला पवत जावा म्हनून."

मगदुमांनी मनात हिशेब मांडला. गप्प बसावं तर साकव जातो, बोलावं तर नोकरी जाते आणि साकवही जातो. हिशेब गप्प बसण्याच्या बाजूचा होता. पण निर्व्यसनी माणसाला खोटं पचत नाही. ते उभे राहिले. "मॅडम, मी लिहिलं ते. पेन चालवून बघत होतो." आणि त्यांनी तिसावं पेन टेबलावर ठेवलं.

मॅडमनी साहेबांच्या खिशाकडे पाहिलं. "आपलंही असंच दिसतंय. द्या जरा."

दोन्ही पेनं शेजारी ठेवली गेली. सख्खे जुळे भाऊ.

"सोपं झालं," मॅडम म्हणाल्या. "साहेबांचं पेन अस्सल असेल, तर त्याची रेघ वेगळी येणार. प्रयोगशाळेत पाठवू. साहेब सुटले, मगदूम अडकले, साकव पाडला. फक्त एक नोंद करून घेते. अस्सलची किंमत चाळीस हजारांच्या पुढं आहे. हे आपण विकत घेतलंत की भेट आली? भेटवस्तूंच्या नोंदवहीत मला दिसलं नाही."

काटकर साहेबांना गेल्या दिवाळीचा ठेकेदार आठवला, मिठाईचा पुडा आठवला, पुड्याच्या तळाशी असलेली डबी आठवली.

"छे छे," ते म्हणाले, "अस्सल कुठलं? नक्कल आहे ती. साडेतीनशेची."

"नक्की?"

"आमच्या मगदुमांना विचारा ना. ते जाणकार आहेत."

मगदुमांनी पेन उचललं. झाकण काढलं आणि कागदावर टेकवलं. टेकवलं म्हणायचं एवढंच. ते आपण होऊन चाललं. साईवर बोट फिरवावं तशी निब कागदावरून गेली. तीस पेनांच्या तीस शेऱ्यांचा अर्थ त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळला, आणि तो एकही खरा नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. समोर नाथाजींची टोपी दिसत होती.

"नक्कलच," ते म्हणाले. "निब जरा ओरबाडते."

मॅडमनी लिहून घेतलं. "म्हणजे दोन्ही पेनं एकसारखी. मग रेघेवरून काही सिद्ध होत नाही. लिपिक म्हणतो मी लिहिलं, पण त्याला तसा अधिकारच नाही, तेव्हा त्यानं लिहिलं हे कायद्यानं शक्य नाही. साहेब, आता विचारते. हे 'मान्य' कुणाचं?"

काटकर साहेबांनी डबी आणि साकव यांचं वजन मनात करून पाहिलं; नाही म्हटलं तर पेन पुन्हा प्रयोगशाळेकडे निघणार होतं.

"माझंच," ते म्हणाले. "त्या दिवशी अक्षर जरा बिघडलं होतं."

साकव वैध ठरला. मगदुमांना चौकशीत दिशाभूल केल्याबद्दल समज मिळाली आणि कार्यालयीन वेळेत पेन चालवून पाहण्यास मनाई करणारं परिपत्रक निघालं. काटकर साहेबांचं नाव गतिमान प्रशासनाच्या पुरस्कारासाठी गेलं. फाईल अकरा वर्षं का थांबली होती, हा प्रश्न चौकशीत कुणी विचारला नाही, कारण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

पुढे ही हकिगत मिरजेपासून शिरवळपर्यंत पसरली. मगदुमांच्या दारात रोज माणसं येतात. शेतकरी येतात, मास्तर येतात, परवा एक वकीलही येऊन गेले. साकव वाहून जाणार नाही ना, असं कुणी विचारत नाही. अकरा वर्षांबद्दल कुणी रागावत नाही. सगळे आवाज खाली आणून एकच विचारतात : "ते पेन मिळतं कुठं?"

तुम्हालाही तेच विचारायचंय. पत्ता देतो, पण आधी तुमची फाईल कुठं अडकलीय ते सांगा.