कच्ची पट्टी

खांडबाऱ्याच्या स्टेशनात सुरतेकडे जाणारी गाडी लागली की फेरीवाले शेंगा-पेरू घेऊन खिडक्यांकडे धावतात. आमचे इस्माईलचाचा मात्र काठी टेकत येतात आणि खिडकीतून लोखंडी पट्टीचे दोन तुकडे आत सरकवतात.

“व्याराले जाई ऱ्हायनात का? मंग हाई देखा. भोक पाडं तठेच तुटनी. पट्टी कच्ची व्हती, पाय पक्का व्हता! तठे सगळासले सांगज्यात.”

परका माणूस गडबडणारच. एका शेटजींनी मोड विकायला आणली समजून वजन विचारलं. एका म्हातारीनं भक्तिभावानं तुकडा कपाळाला लावला. तो चाचांच्या मांडीतून निघालाय हे कळल्यावर तिनं पदरानं कपाळ खसाखसा पुसलं.

चाचा लोहार. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी तर त्यांनीच. एकदा लाकडानं भरलेली गाडी अंगावर कलंडली आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरनं मांडी उघडून हाडाला पट्टी लावली, चार स्क्रू पिळले आणि बजावलं, हाड जुळेपर्यंत तीन महिने पाय टेकायचा नाही. ती पट्टी महिन्याभरातच मोडली. पुन्हा मुंबई, पुन्हा चिरफाड. पाय आखूड झाला तो झालाच.

तेव्हापासून चाचांच्या तोंडी डॉक्टरची खैर नाही. “मुंबईना डाक्टर, पन लोखंडमा कच्चा!” भट्टीवर कुणी विळा शेवटायला, धार काढून घ्यायला आला तरी आधी पट्टीचं पुराण ऐकावं लागतं. मी शाळामास्तर, रोज बडबडणारा माणूस, पण त्यांच्यापुढे मीही हात टेकले.

एक दिवस मी चिडूनच म्हणालो, “चाचा, त्या डॉक्टरनं चालू नका म्हणून सांगितलं होतं ना?”

चाचांनी भात्याची दोरी सोडली. तुकडे तळहातावर घेतले आणि पोराच्या गालावरून फिरवावा तसा त्यांवरून अंगठा फिरवला.

“मास्तर, कोनले सांगू नका. पट्टी चांगली व्हती. असं लोखंड मी जनममा देखं नही.”

दुसऱ्याच्या कामाला कधी नावं न ठेवणारा हा माणूस वर्षभर चांगल्या लोखंडाची बदनामी करत होता.

त्यांची एकुलती एक लेक जैनब सुरतेच्या वाटेवरच्या व्याऱ्याला दिलेली. आई कधीच गेलेली, बाप दवाखान्यात, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. पुढं ती तान्ह्या मुलीला घेऊन येणार असं कळलं. लेकीनं बापाला कुबड्यांवर पाहू नये म्हणून चाचा भट्टीला धरून रोज गुपचूप चालायला शिकत होते. मोडक्या गाडीला पट्टी मारली की ती त्याच दिवशी माल ओढते, हा त्यांचा जन्माचा हिशेब. हाड आधी जुळावं लागतं, हे त्यात बसतच नव्हतं.

व्याऱ्याची आगगाडी आली. चाचा स्टेशनात कुबड्यांशिवाय उभे होते. जैनबनं हसत मुलगी त्यांच्या हातात दिली. ते वळले, आणि मांडीतून कट्ट असा आवाज झाला.

हे सगळं सांगून चाचा म्हणाले, “पोरले वाटस, तिन्हामुळे बापना पाय गया. वरीस व्हयनं, तोंड दखाडत नही. मी सांगं ते तिले पटत नही. दहा लोकंसन्या तोंडे ऐकी, तव्हय तरी पटी.”

“मग ‘ये’ म्हणूनच निरोप धाडा ना.”

“बलावसू ते भीत भीत यी. तिले आपसुक येवाले पाहिजे.” आणि मग हळूच म्हणाले, “नात आते चालत व्हई, मास्तर.”

त्यांना तिची किती आठवण येत होती, हे मला त्या एका वाक्यात कळलं. माझी चीड कुठल्या कुठे गेली.

व्याऱ्याकडून येणारी गाडी दुपारी असते. तेव्हा चाचा तुकडे घेऊन येत नाहीत. धुतलेला सदरा घालून येतात. गाडीची शिटी ऐकू आली की काठी बाकामागे टाकतात आणि आखूड पायाची टाच उचलून ताठ उभे राहतात. गाडीचा शेवटचा डबा निघून जाईपर्यंत हलत नाहीत. मग ती काठी वाकून शोधताना त्यांचे फार हाल होतात.

हल्ली शाळेच्या मधल्या सुट्टीत मीही तिथं जातो. काठी मीच धरून उभा असतो, पाठीमागे लपवून.