कंपनीचा खबऱ्या

मानपाड्याला विलास घाडीचं कुत्र्यामांजरांना आंघोळ घालायचं दुकान आहे. नवा माणूस कुत्रा घेऊन आत आला की विलास कुत्र्याकडे बघत नाही, माणसाकडे बघतो. आणि एकदम विचारतो, "ह्याचा वाढदिवस कधी?"

जो पटकन तारीख सांगतो त्याच्यावर त्याचा संशय बसतो.

"खरा माणूस अडखळतो, काका," पुढे ओळख वाढल्यावर त्यानं मला समजावलं. "ज्यानं कुत्रा भाड्यानं आणलेला असतो तो पाठ करून येतो."

भाड्यानं कुत्रा कोण आणेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दुकान विलासचं असलं तरी बोर्ड, साबण, टॉवेल आणि नियम कंपनीचे आहेत. फ्रँचायझी म्हणतात ती हीच. नियम पाळले जातात का हे बघायला कंपनी साध्या गिऱ्हाइकासारखा माणूस पाठवते. विलास त्याला खबऱ्या म्हणतो. नियम मोडला की ताकीद मिळते, आणि तिसऱ्या ताकिदीला बोर्ड उतरतो.

पहिली ताकीद त्याला दुकान उघडल्याच्या आठवड्यातच मिळाली होती. गिऱ्हाइकाला 'वेलकम' म्हणायच्या आधी त्यानं कुत्र्याला "खंय होतंस रे मेल्या?" म्हटलं होतं.

हा बोर्ड मिळवायला त्याची चौदा वर्षं गेली. ठाण्याला नौपाड्यात कंपनीचंच एक दुकान होतं, तिथं तो कुत्री धुवायचा. इतक्या वर्षांत कोणी त्याला नावानं हाक मारली नाही, सगळे 'ए आंघोळवाला' म्हणत. आता मानपाड्याच्या बोर्डावर कंपनीच्या नावाखाली बोटभर अक्षरांत 'विलास स. घाडी' लिहिलेलं आहे. रोज सकाळी स्टुलावर चढून तो तेवढीच अक्षरं पुसतो. वरचं नाव पावसानं धुतलं तर धुतलं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी पत्नी सुधा जाऊन दोनच महिने झाले होते. चिंगी ही तिची कुत्री. तिला आंघोळ घालायची माझी हिंमत नव्हती.

"वाढदिवस?" विलासनं विचारलं.

"माहीत नाही. माझ्या बायकोला माहीत होता."

"मग लावा त्यांना फोन."

ती गेल्याचं मी सांगितलं. त्यानं चिंगीचा पट्टा हातात घेतला, पण नजर माझ्यावरून काढली नाही. मी बाहेर बाकावर बसलो, तेव्हा आतलं बोलणं ऐकू आलं.

"सुषमा, हा तयारीचा दिसतोय. कंपनी हल्ली काय वाट्टेल ते शिकवून पाठवते."

"अहो, त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत. कंपनीचा माणूस असा येईल?"

"तेच तर! मुद्दाम."

सुषमा म्हणजे त्याची बायको. काउंटर तीच सांभाळते. "काका, मनावर घेऊ नका," पैसे घेताना ती म्हणाली. "आमच्या लग्नात ह्यांनी भटजींचं आधारकार्ड मागायचं तेवढं बाकी ठेवलेलं."

मी दर पंधरा दिवसांनी जाऊ लागलो. माझ्यावरचा संशय गेला असं म्हणवत नाही, पण तो मला चहा देऊ लागला. एकदा मी विचारलं, "विलास, खबऱ्यांबद्दल इतकं तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं कप खाली ठेवला. "कारण मीच गेलेलो. नोकरीत असताना. कंपनीनं एक पग कुत्रा दिला, म्हणाले, शहाडच्या दुकानात जाऊन बघून ये. तिथला माणूस पगला घरची भाकरी चारत होता. नियमात नाही बसत. मी लिहून दिलं. त्याची ती तिसरी होती." नंतर तो बराच वेळ टॉवेलच्या घड्या मोजत बसला.

सुधाच्या वर्षश्राद्धाला मला चिपळूणला भावाकडे जायचं होतं. वहिनींना घरात कुत्रा चालत नाही. आठ दिवस चिंगीला विलासकडे ठेवायचं ठरलं. सोबत मी गोधडी नेली. सुधा आजारपणात हीच गोधडी पांघरायची, आणि ती गेल्यापासून चिंगी दुसऱ्या कशावर झोपत नाही. वर्षभर मी ती धुतली नव्हती.

विलासनं गोधडी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "मुक्कामाच्या जनावराचं अंथरूण आल्या दिवशी कंपनीच्या साबणात धुवायचं. नियम आहे."

"मग मी परत नेतो."

"आणि जनावर झोपणार कशावर? ठेवा इथं."

त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. आता संशय घ्यायची पाळी माझी होती.

चिपळूणहून मी रोज संध्याकाळी फोन केला. चिंगीचं तो सगळं सांगायचा. गोधडीचं विचारलं की म्हणायचा, "आहे, आहे. सारखं काय विचारताय?" चौथ्या दिवशी त्यानं चिंगीचा व्हिडिओ पाठवला. ती कंपनीच्या निळ्या गादीवर बसली होती. गोधडी कुठेच दिसत नव्हती. त्यानं ती मशीनमध्ये टाकली याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. श्राद्धाच्या पानावर बसलो तरी माझं लक्ष त्या निळ्या गादीवरच होतं.

परत आलो तो स्टेशनवरून थेट दुकानात गेलो. विलास आत एका लॅब्रॅडॉरची नखं कापत होता.

"गोधडी धुतलीत ना?" मी सुषमाला जरा चढ्या आवाजातच विचारलं.

तिनं ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ती दुसरी ताकीद होती.

"धुतली असती तर हे आलं नसतं, काका. तिसऱ्या दिवशी एक आज्जी मांजर घेऊन आल्या. मांजराच्या वाढदिवसाला अडखळल्या, म्हणून ह्यांनी त्यांना चहा पाजला. त्या निघाल्या खबऱ्या! कपाटात ती गोधडी बघितली आणि म्हणाल्या, आत्ता माझ्यासमोर मशीनमध्ये टाका, मी काही लिहीत नाही."

"मग?"

"हे मशीनपुढे उभे राहिले. हलेचनात. म्हणाले, मॅडम, लिहा." सुषमानं कागद पुन्हा आत ठेवला. "तेव्हापासून चिंगी रात्री आमच्या घरी येते. गोधडी पण. दुकानात फक्त दिवसा."

विलास हात पुसत बाहेर आला. "विलास, अहो, आता एकच ताकीद राहिली," मी म्हणालो.

"गोधडीशिवाय जनावर जेवत नव्हतं," तो म्हणाला. "बाकी काही नाही. तुम्ही उगाच डोक्यात काही घेऊ नका." त्यानं काउंटरखालून एक पिशवी काढली. आत दुसरी पिशवी होती, तिला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. "ही घ्या. पण तुमचा भरवसा नाही मला. घरी बहिणी येतील, भावजया येतील, शी काय कळकट म्हणतील. आणि तुम्ही पडलात भिडस्त. द्याल धुवायला."

"नाही देणार."

"तोंडी नको."

त्यानं एक कोरा कागद पुढे सरकवला आणि मजकूर सांगितला. 'ही गोधडी मी धुणार नाही व कोणास धुऊ देणार नाही.' मी तसं लिहिलं आणि खाली सही केली. त्यानं मी पहिल्या दिवशी भरलेला चिंगीचा अर्ज काढून दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या, उजेडात नेऊन पाहिल्या. मग अर्ज कंपनीच्या फायलीत परत लावला, आणि तो दुसरा कागद चार घड्या घालून आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला.