उन्हात वाळत घातलेले सेल

बायकोला दिलेला शब्द न मोडता धूर कसा ओढावा, एवढाच माझा प्रश्न होता. (सिगारेट सोडून सहा महिने झाले होते आणि आयुष्य उगाच लांबल्यासारखे वाटत होते.) दुबईहून आलेल्या ज्ञानेश्वरने, म्हणजे माझ्या भाच्याने, गुपचूप एक व्हेप (सेलवरची सिगारेट) हातात ठेवला. आपल्याकडे त्यावर बंदी आहे हे मला माहीत होते. पण सरकारी नोकरीत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला बंदी म्हणजे नुसते परिपत्रक वाटते.

"मामा, सेल तेवढे बघून वापरा. वाटेल तो घातला तर फुटतो," तो म्हणाला.

मी पंचायत समितीतला जुना कारकून. तीन दरपत्रकांशिवाय खडूचा डबाही घेतलेला नाही. रीतसर तौलनिक तक्ता आखला. कोबाल्टचा सेल जास्त वेळ चालतो, पण चटकन भडकतो. मँगनीजचा जरा सबुरीने घेतो. आयर्न फॉस्फेटचा सहसा पेट घेत नाही, पण माझ्या यंत्राला चालत नाही. (आमच्या ऑफिसात सज्जन माणसाचे असेच व्हायचे.) 'मँगनीज मंजूर' असा शेरा मारला आणि ज्ञानेश्वरकडून तसले दोन सेल घेतले.

तिसऱ्या दिवशी ते उतरले आणि नेमकी दुपारी लाइट गेली. मग टॉर्चचे सेल उतरले की आमच्या घरात तीन पिढ्यांनी जे केले तेच मी केले. स्टीलच्या ताटात घालून सेल गच्चीवर उन्हात ठेवले. जळगावचा मे महिना, ताटाशेजारीच बायकोचे, म्हणजे दिपमालाचे, उडदाचे पापड. तक्त्यात 'ऊन' असा रकानाच नव्हता.

अर्ध्या तासाने शेजारच्या भागाअक्कांनी हाक मारली, "नाना, तुमना ताटमाईन धूर निंघी ऱ्हायना."

मी वर पोचेपर्यंत दोन्ही सेल फुटले होते आणि शंभर पापड काळे झाले होते. मागोमाग दिपमाला.

"काय होतं ते?"

"टॉर्चचे सेल."

"आपल्याकडे टॉर्च कुठे आहे?"

"घ्यायची आहे. आधी सेल आणले."

तिने हात पुढे केला. "खिशातलं काढा."

काढले. तिने हुंगून पाहिले. "स्ट्रॉबेरी? या वयात?" मग हळू आवाजात, "मी सगळ्या भिशीत सांगत फिरले हो, यांनी सोडली म्हणून."

मी स्वतःच ते यंत्र बादलीतल्या पाण्यात बुडवले.

दुसऱ्या दिवशी नवे पापड पडले. राखणीला मी, छत्री आणि काठी घेऊन. कावळ्यांनी पाचेक मिनिटे मला नीट न्याहाळले आणि मग निवांत जेवायला बसले.