चिकटखान्यावर पंखा चढविल्याची हकीकत

आपण आज्ञा केली की, जोड्यांच्या कारखान्यात पंखा कैसा आला ते साद्यंत लिहून पाठवावे. त्यावरून जे घडले ते पदरचा मीठमसाला न लाविता लिहितो. जेथे तिखट लागेल तेथे ते मूळचेच जाणावे.

कारखान्याचे अधिपती पादत्राणकुलावतंस, काटकसरधुरंधर मालकसाहेब. त्यांचे मुलखी तळघरात चिकटखाना, तेथे जोड्यांस तळ चिकटवावे. वारा म्हणून शिरत नसे, आणि वासाने माणसांची डोकी तेवढी फिरत. त्या ठाण्याच्या मुकादम काकू, जिभेने तिखट, मनाने खंबीर. सून शेजारीच कामास बसे. ती दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा काकूंनी पंख्यासाठी रदबदली केली. हुजुरांनी फर्माविले की, तूर्त तंगी आहे, तोंडास फडके बांधावे.

इतक्यात निवडणुकीचे रण माजले. कारखान्यांत हवा खेळती ठेवावी ऐसा कायदा येऊ घातला होता, आणि तो हाणून पाडीन म्हणणारा उमेदवार मालकसाहेबांस प्राणाहून प्रिय. परंतु एकाने किती द्यावे यास सरकारी मर्यादा, आणि मालकाचे नाव झळकले तर बोभाटा. मग मेहुण्याशी खलबत करून चिकटखान्यातील चाळीस असामींस एकाएकी बक्षीस वाटिले, आणि ते सर्वांनी स्वखुशीने उमेदवारास द्यावे ऐसा सक्त हुकूम काढिला. या हाताचे त्या हातास गेले.

पुढे उमेदवाराने दात्यांस मेजवानी मांडिली. काकू ठेवणीतले कपडे लेऊन, सून आणि सारी फौज घेऊन चालून गेल्या, आणि दारवानाने लवून त्यांस अगदी पुढल्या मेजावर बसविले. मागाहून खासा स्वारी आली. दात्यांत नाव नाही म्हणून दारवानाने मालकसाहेबांस उंबऱ्यावरच रोखिले. तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "येऊ द्या हो त्यांना, आमच्यातलेच आहेत." खुर्ची उरली नव्हती, सबब हुजूर भिंतीशी उभे राहिले.

मग उमेदवार हात जोडून आले आणि एवढ्या थोर दात्यांची काय सेवा करावी ऐसे पुसते जाहले. काकूंस नोकरी जाईल हे ठाऊक होते. त्यांनी सुनेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचं राजकारण तुम्ही बघा. आमच्या खोलीत वारा नाही, ही दोनदा पडली. आम्हाला पंखा पाहिजे. मालक इथेच आहेत, सांगा त्यांना."

उमेदवाराने कॅमेऱ्यांदेखत मालकसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून फर्माविले की, पंखा उद्याच बसवावा. हुजुरांच्या ओठांवर आले की, अरे, पैका तर माझा! परंतु तसे वदावे तर तुरुंग, न वदावे तर पंखा. धरले तर चावते, सोडले तर पळते. अखेर "अवश्य" म्हणाले आणि पाणी मागितले.

पंखा आला. सून कामावर टिकली. उमेदवार मात्र निवडणुकीत सपाटून आपटले, तेव्हा मालकसाहेबांनी पंखा उतरविण्याची मसलत केली. काकूंनी वर निरोप धाडिला की, आम्हा थोर दात्यांस एवढा पैका कोठून आला ऐसे कोणी पुसिले, तर काय सांगावे तेवढे कळवावे. त्याच सायंकाळी मेहुणे स्वतः शिडी घेऊन उतरले आणि पहिल्याच्या जोडीस दुसरा पंखा बसवून गेले. येणेंप्रमाणे चिकटखाना फत्ते जाहला, ते नमूद केले असे.