दादूचा पाय एकदम बेस

दादू काजूच्या झाडावरून पडला, पायाला प्लास्टर लागलं, तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पायावर भार नको आणि मन आनंदी ठेवा. पहिली त्याच्या बायकोने, नम्रताने लक्षात ठेवली, दुसरी दादूने. आणि ठेवली म्हणजे काय, हद्दच केली! कोणी विचारो न विचारो, उत्तर ठरलेलं, "एकदम बेस!"

शेजारचे सदूकाका मात्र रोज येऊन उसासा टाकत. "दादू, माज्या मेव्हण्याचा पाय असाच मोडलेला. अजून लंगडतो."

"माजा बेस हाय, काका!"

"रात्रभर कण्हतात," आतून नम्रता ओरडली.

"गाणं म्हणतो मी!"

आता ही बातमी गावात फिरली. डेअरीवर दादू बरा झाला, वाण्याकडे चालायला लागला आणि देवळात पोचेपर्यंत चक्क उड्या मारू लागला! शिमग्याची पालखी दारात आली की आपल्या अंगणात ती घरच्या माणसाने नाचवायची. मिसरूड फुटल्यापासून दादूचा हा मान कधी चुकला नव्हता. यंदा त्याच्या जागी दुसरा माणूस ठरत होता, तोही गावाने रद्द केला.

"आता सांगा जाऊन, पाय दुकतो म्हणून," नम्रता म्हणाली.

"आणि माज्या अंगणात दुसरा नाचवणार? नाय सांगणार!"

पालखी आली. ढोल असे कडाडले की कौलं थरथरली. शिमग्याला गावी आलेले मुंबईकर गुलालात न्हालेले. आणि दारात दादू, काखेत कुबडी, लुंगीखाली पांढरंशुभ्र प्लास्टर. ढोल थांबले.

"मी सांगत होतो!" सदूकाका म्हणाले.

दादूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते नम्रताने पाहिलं आणि पदर खोचला. "बघताय काय? खुर्ची आणा! पाय अधांतरी राहूदे, खांदा तर धडधाकट हाय ना!"

मग काय विचारता! चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट दादूला उचललं, पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर आला आणि ढोल पुन्हा सुटले. दादू खुर्चीत बसून नाचत होता! एवढ्यात कडाड! खुर्चीची पाठ तुटली. दादू मागे कलंडला. मुंबईकरांनी पालखी सावरली, पण दादूला कोण सावरणार? मागून सदूकाका धावले, त्याला कवटाळून धरलं. दादू वाचला, काकांचा घोटा मुरगळला.

दुसऱ्या दिवशी दादू कुबडी टेकत त्यांना बघायला गेला. काका खाटेवर, घोटा भोपळ्यासारखा. दादूने तोंड उघडलं मात्र.

"बेस म्हणालास तर कुबडी घालीन डोक्यात," काका कळवळले. "जाम दुकतंय रे!"

दादू त्यांच्या शेजारी टेकला, दाराकडे बघून नम्रता मागून आलेली नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाला, "काका, माजा पन!"

दोघेही मग पोट धरून हसत सुटले आणि मधूनमधून कण्हत राहिले.