मधले तीन फूट

गुणवंतरावांसाठी दार उघडलं की ते नमस्कार वगैरे म्हणत नाहीत. खिशातून मोजपट्टी काढतात, तिचं टोक माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "नाकाले लावा, सर." दुसरं टोक गळ्यातल्या कॅमेऱ्याला टेकवून आकडा वाचतात. "चार फूट दोन इंच. जरासे समोर या." मी येतो. तीन वर्षं झाली, मी माझ्याच दारात असा मागेपुढे होतो आहे. दूधवाला आता हसतही नाही.

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या गल्लीत माझ्यापासून तिसरं घर त्यांचं. मी खालच्या खोलीत दहावीच्या शिकवण्या घेतो, म्हणून गल्लीचा 'सर'. ते सगळ्यांचे 'काकाजी'. उभी हयात सरकारी जमीनमोजणीत गेली. चांदूर बाजारकडच्या काळ्या रानात जायचं, दोन शेतांमधला बांध, म्हणजे आमच्याकडचा धुरा, नेमका कुठून जातो ते मोजून काढायचं, खुणेचा दगड रोवायचा आणि दोन्हीकडच्या शिव्या खाऊन परत यायचं. काम संपलं की म्हणायचं, "हद्द कायम!" निवृत्त झाले तरी हा शब्द काही सुटला नाही. भाजीवाल्याशी भाव ठरला, हद्द कायम. डॉक्टरांनी साखर बंद केली, हद्द कायम. एका लेन्सच्या बाबतीत मात्र ती कायम होईना.

कॅमेरा आला जावयाकडून. जावई पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने स्वतःला नवा घेतला आणि जुना फुल-फ्रेम कॅमेरा सासऱ्यांना पाठवून दिला, सोबत पन्नास मिलिमीटरची एक प्राइम लेन्स. त्याच सुमारास लेकीने काकूंना बोलावून घेतलं, नातू सांभाळायला. "सहा महिन्याची गोष्ट हाये," असं काकाजी तेव्हा सांगत. तो नातू आता दप्तर घेऊन शाळेत जातो. काकू फोनवर म्हणतात, दिवाळीनंतर पाहू. कोणत्या दिवाळीनंतर ते सांगत नाहीत. "म्हणजे काकू देऊन कॅमेरा घेतला म्हणा की," असं मी एकदा गमतीने बोलून गेलो, तर काकाजी इतक्या मोठ्याने आणि इतका वेळ हसले की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

प्राइम लेन्सला झूम नसतो. माणूस जवळ हवा असेल तर आपण पाय उचलून त्याच्याजवळ जायचं. पन्नासच्या लेन्सने चेहरा भरून यायला चार फुटांवर उभं राहावं लागतं. जावई म्हणाला, "पप्पा, चेहऱ्यांसाठी पंच्याऐंशीची घ्या. नाक फुगल्यासारखं येत नाही आणि मागचं सगळं मस्त धूसर होतं. फक्त सात फुटांवरून काढा." एवढं बोलून तो आपल्या कामाला लागला, आणि इकडे गल्लीची झोप उडाली.

"सातातून चार गेले, तीन फूट," काकाजी मला म्हणाले. "तीन फूट म्हंजे लहान गोष्ट नाई, सर. तीन फुटाच्या धुऱ्यापायी सख्ख्या भावायनं डोकी फोडलेली म्या पाह्यली."

मग सल्लामसलत सुरू झाली. चहावाला म्हणाला घ्या, सलूनवाला म्हणाला नका घेऊ. डॉक्टर म्हणाले जीभ दाखवा, तर यांनी फोटो दाखवले. माझ्या बायकोला विचारायला ते थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले. ती म्हणाली, "काकाजी, काय घ्यायचं ते घ्या, पण माझी पोळी करपून राह्यली." त्यांनी मान डोलावली आणि पोळी उलटेपर्यंत थांबले.

"दोन्ही ठेवा ना," मी एकदा वैतागून म्हणालो.

"एक काढा, एक लावा, तवरोक समोरचा मानूस निंघून जाते ना," ते म्हणाले. दोन लेन्सा बाळगायच्या नाहीत हे पक्कं होतं. जुनी द्यायची तेव्हाच नवी घ्यायची.

मोजणीत शेताचा कच्चा नकाशा काढतात, त्याला टिपण म्हणतात. काकाजी प्रत्येक फोटोचं टिपण ठेवत. वहीत आधी नाव, मग अंतर, मग उजेड, आणि शेवटी 'बोलणं' असा एक रकाना. माझं एक टिपण मी पाहिलं आहे. 'सर. चार फूट. उजेड बरा. बोलणं : पोरीची ॲडमिशन, गुडघा, शाळेच्या हेडमास्तरची निंदा.' शेवटचा मुद्दा मी खोडायला लावला.

"फोटोच्या वहीत बोलण्याचं काय काम?" मी विचारलं.

"चार फुटावर मानूस चूप उभा राहू शकते का, सर? काही ना काही बोलाच लागते. भांडला तरी बोलतेच."

गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मात्र त्यांचा धसका घेतला होता. आमच्याकडे माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. त्यामुळे वय झालेल्या माणसाचा कुणी मन लावून फोटो काढायला लागलं की घरचे आधी चपापतात आणि मग कॅमेऱ्यावरच खेकसतात. कमलामावशी काकाजींना पाहिलं की कडी लावून घेत. एक दिवस त्या अचानक जरीचं लुगडं नेसून, केस विंचरून ओट्यावर येऊन बसल्या. "काढूनच ठेव, बापू. नाई तं पोट्टे घाईघाईत आधार कार्डाचा लावतीन." त्या दिवशी काकाजी तिथे दीड तास होते. मावशींना फोटो पसंत पडला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच निरोप धाडून पुन्हा बोलावलं.

अकोल्याला जुन्या शहरात इरफानभाई म्हणून जुने कॅमेरे विकणारा एक भला माणूस आहे. त्याच्याकडे पंच्याऐंशीची लेन्स आली. पन्नासची घेऊन ती देतो म्हणाला, पण रविवारपर्यंतच थांबणार होता, कारण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. काकाजी शनिवारी माझ्याकडे आले. मोजपट्टी काढली नाही. "सर, उद्या संगं येता का? एकट्याच्यानं ठरून नाई राह्यलं."

रविवारी माझी जादा शिकवणी असते. तरी मी गेलो, आणि तेही मायेपोटी नाही. एकदाचा हा विषय संपावा म्हणून गेलो, हे इथे कबूल करतो. बसमध्ये बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी मला सात फुटांचे गुण सांगितले आणि मूर्तिजापूरपासून अकोल्यापर्यंत चार फुटांचे. मी होला हो करत होतो.

इरफानभाईंनी चहा मागवला, लेन्स काकाजींच्या कॅमेऱ्याला लावून दिली आणि म्हणाले, "काकाजी, आजमा के देखो." काकाजींनी मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं आणि सात फुटांवर ऐन रहदारी लागत होती म्हणून स्वतः गल्ली ओलांडून पलीकडे गेले. मधून ऑटो, हातगाड्या, बुरखेवाल्या बाया, एक बैल. काकाजी तिकडे एका शटरला पाठ टेकून उभे. कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला. माझ्याकडे पाहून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी आपला हात हलवला. ते पुन्हा बोलले, तेवढ्यात ऑटोवाल्याने भोंगा वाजवला. मग त्यांनी फोटो काढला.

फोटो बेफाम आला होता. माझा असा फोटो कधी निघाला नव्हता. मागचं सगळं दुकान विरघळून गेलं होतं आणि मधे मी, चक्क बरा दिसणारा. "देखो, आदमी बेखबर मिलता है इसमें," इरफानभाई म्हणाले.

काकाजींनी बराच वेळ तो फोटो पाहिला. मग मला विचारलं, "मी तिकून बोललो, थे आयकू आलं का तुमाले?"

"नाही."

"काहीच नाई?"

"काहीच नाही. ऑटो होता ना."

"बरं." त्यांनी लेन्स काढली, फडक्याने पुसली आणि इरफानभाईंच्या हातात दिली. "नाई घेत. पन्नासच राहू द्या. हद्द कायम."

बसमध्ये मी भडकलो. तीन वर्षं, म्हणालो. माझी शिकवणी, म्हणालो. एवढा सुंदर फोटो आला आणि तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय? काकाजी खिडकीतून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, रानं पाहत राहिले. मूर्तिजापूर गेलं तरी चार फूटही नाही आणि सात फूटही नाही. माझा राग निवला.

"काकाजी, तिकडून काय म्हणत होता तुम्ही?"

"काही खास नाई."

"सांगा तर."

"आज माह्या घरी जेवाले या, असं म्हटलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सकाळी बेसनाच्या पातोड्या करून ठेवल्या. युट्यूबवर पाहून."

"मग हे एवढ्या लांबून कशाला? सकाळपासून शेजारी बसला आहात."

"जवळून म्हनाले लाज वाटते, सर. तुमाले शिकवन्या असते, घरी वैनी रांधून ठेवते. नाई म्हटलं तं तुमाले बी कसं वाटन. तिकून हिंमत झाली." मग म्हणाले, "पन तुमाले आयकूच नाई आलं. मंग थे लेन्स काय कामाची?"

तीन वर्षं हा माणूस माझ्या दारात येत होता, आणि तो फक्त फोटो आणि लेन्ससाठी येतो असं मी समजत होतो. तिसऱ्या घरात मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. काकू गेल्यावर तिथे चूल कोण पेटवतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"येतो," मी म्हणालो. घरी फोन करून बायकोला सांगितलं, माझ्यासाठी करू नकोस.

अमरावतीत उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. काकाजींनी कुलूप काढलं, दिवा लावला आणि घाईघाईने पातोड्यांचा रस्सा गरम करायला आत गेले. आतूनच ओरडून विचारलं, तिखट चालते ना? चालते, मी म्हणालो. पुढच्या खोलीत चटईवर दोन ताटं मांडलेली होती, धूळ बसू नये म्हणून पालथी घातलेली. शेजारी दोन पेले, तेही पालथे. मी एक ताट सुलटं केलं. याआधी किती वेळा अशी दोन ताटं मांडून त्यातलं एक उचलून ठेवावं लागलं होतं, ते विचारायची मात्र माझी हिंमत झाली नाही.