गांगुर्डे काकांची वरची लाइन

"काल वर गाडी घसरली," गांगुर्डे काका म्हणाले.

सकाळचे साडेसहा वाजले होते. जेल रोडच्या आमच्या गल्लीत दूधवाल्यासमोर रांग होती आणि काका नेहमीप्रमाणे रांगेत शेवटी उभे होते.

"वर म्हणजे? इगतपुरीला?" मी घाबरून विचारलं.

"नाय नाय. वर." काकांनी बोट सरळ आभाळाकडे केलं. "जीवितहानी नाय. एकच डबा हुता, रिकामा. वळनावर स्पीड जास्त झाला."

दूधवाल्याने मापं खाली ठेवली आणि आभाळाकडे पाहून हात जोडले. मी जोडले नाहीत, पण माझाही गोंधळ त्याच्याइतकाच झाला होता. काकांच्या शेजारी राहायला आल्यापासून मला त्याची सवय होत चालली होती.

हे गांगुर्डे काका रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. पण गाडीच्या पुढे बसणारे नव्हेत, मागे बसणारे. गाडी कसारा घाट चढते तेव्हा पुढच्या इंजिनाचा दम पुरत नाही. मग कसाऱ्याला तिच्या मागे आणखी इंजिनं जोडतात आणि ती गाडीला ढकलत इगतपुरीपर्यंत आणतात. या मागच्या इंजिनांना बँकर म्हणतात. गाडी इगतपुरीला पोचली की बँकर सोडवून घेतात. गाडी पुढे निघून जाते आणि बँकर पुन्हा घाट उतरतो, दुसरी गाडी ढकलायला. काकांनी हे चौतीस वर्षं केलं.

त्यामुळे माणसाला एक वळण लागून गेलं होतं. काका कुणाच्याही पुढे चालत नसत. देवळात, रेशनला, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे शेवटी. गल्लीत कुणाची स्कूटर बंद पडली की काका न बोलावता येऊन मागे उभे राहत आणि ढकलायला लागत. कधी कधी स्कूटर बंद पडलेली नसे, मालक नुसता थांबलेला असे. कुणी आभार मानले की म्हणत, "मागचा हाय म्हनून पुढचा हाय." हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी कानावर पडायचं. गल्लीतल्या गणपतीच्या मिरवणुकीचं शूटिंग मी सलग तीन वर्षं केलं, आणि तिन्ही कॅसेटमध्ये काका कुठेच नाहीत. ते ट्रॉलीच्या मागे होते.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. साल दोन हजार चार असेल, एका दुपारी काका माझ्या दुकानात आले आणि कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघत बसले.

"भाऊ, लग्नात तुमी वरून कसं घेता?"

"कार्यालयाच्या पाण्याच्या टाकीवर चढतो."

"ती टाकी हालते का?"

"टाकी कशी हलेल, काका?"

"मंग काय उपेग!" काका हळहळले. "मला वरून पायजे, आन् हालतं पायजे. एका गाडीचं शूटिंग हाय."

"नवी गाडी घेतलीत? अभिनंदन! कुठली?"

"सोळा डब्यांची."

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा थोडा उलगडा झाला, आणि मग आणखी गोंधळ. टीव्हीशेजारी एक कॉम्प्युटर होता, त्यावर विणलेलं झाकण. त्यात आगगाडी चालवायचा एक गेम होता. पोरं असले गेम गाडी चालवायला खेळतात. काकांनी दोन वर्षं खपून त्या गेममध्ये कसारा ते इगतपुरी हा सगळा घाट स्वतः बांधला होता. बोगदे, पूल, सिग्नल, कुठल्याशा कड्यावरचं एक वाकडं झाड, सगळं. शेजारी एक लांबलचक रजिस्टर, त्यात प्रत्येक वळणाची नोंद. "इंच म्हंजी इंच," काका म्हणाले. "खोटं आपल्याला चालत नाय."

"मग अडचण काय आहे?"

"भाऊ, चौतीस वर्सं गाडी ढकलली, पन गाडी बगितली नाय. मला काय दिसायचं? शेवटच्या डब्याची पाठ आन् तिच्यावरची पिवळी फुली. पाऊस असो, ऊन असो, समोर फुली. आता मला अख्खी गाडी बघायचीय. घाट चढताना. पाखरू कसं संगं संगं उडत बघंल, तसं."

हे मला समजलं. समजलं म्हणून बरंही वाटलं. पण गेममध्ये तशी सोय नव्हती. इंजिनातून बघता येई, खिडकीतून बघता येई. वरून बघायचं तर कॅमेरा एका जागी टांगलेला, माझ्या टाकीसारखा. तेव्हा काकांनी सायबर कॅफेतून कुणा परदेशी माणसाचं इंग्रजी टिपण छापून आणलं आणि शब्दकोश घेऊन महिनाभर वाचलं. त्यातली युक्ती अशी. आकाशात दुसरा रूळ टाकायचा. तो अदृश्य करायचा. त्यावर एक अदृश्य डबा सोडायचा. आणि त्या डब्याच्या खिडकीतून खालची खरी गाडी बघायची.

"म्हणजे खालची गाडी खोटी आहे, पण खरी," मी म्हणालो, "आणि वरची गाडी आहे, पण नाही."

"बराबर. कळलं तुमाला."

मला काही कळलं नव्हतं.

एवढंच असतं तरी ठीक होतं. पण आकाशातली असली तरी ती शेवटी रेल्वेची लाइन. काकांनी तिला सिग्नल दिले. वेगमर्यादेच्या पाट्या लावल्या. अदृश्य रुळावर अदृश्य पाट्या! डबा घसरला की ते रजिस्टरमध्ये कारणासकट अपघाताचा अहवाल लिहीत. सही करणारे तेच आणि ताशेरे मारणारेही तेच. "सिग्नल काढून टाका ना, तिथे दुसरी गाडी येणारच नाहीये," असं मी एकदा सुचवलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर मी रेल्वेबद्दल मत देणं सोडून दिलं.

माझं काम म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर तिपाई लावून शॉट कॅसेटवर घ्यायचा. पहिल्या दिवशी गाडी छान निघाली. हिरवा घाट, खाली डब्यांची माळ, आणि आम्ही वरून तरंगत. पण चित्र सारखं हिसके खात होतं. दर दोन सेकंदांनी मागून कुणी धक्का मारल्यासारखं. मी तिपाई तपासली, टेबलाखाली पुठ्ठा घातला, पंखा बंद केला. हिसके चालूच. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी मी सहज विचारलं, "काका, त्या वरच्या डब्याच्या मागे काही नाहीये ना?"

"हाय की. बँकर हाय."

"आकाशात बँकर?"

"सदतीस फुटाला एक फूट चढ हाय, भाऊ. बँकरबिगर डबा चढंल कसा?"

"अहो, पण तो दिसत नाही!"

"बँकर कवा दिसतो का कुनाला?" काका शांतपणे म्हणाले.

तो न दिसणारा बँकर सोडवायला काकांना दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत ते जेवले नीट नाहीत, असं काकू म्हणाल्या.

काकू म्हणजे सुमनकाकू. कॉम्प्युटरच्या खोलीतच खिडकीपाशी त्यांचा पलंग होता. साखरेने त्यांचे दोन्ही डोळे नेले होते, तीन-चार वर्षं झाली असतील. उजेड-अंधार तेवढा कळायचा. तेव्हापासून घरातलं रांधणं काका करत. काकू घरात चालू लागल्या की काका दोन पावलं मागे. हात काकूंच्या पाठीजवळ, पण टेकलेला नाही.

दिसत नसलं तरी आमच्या शूटिंगवर खरी देखरेख काकूंचीच होती. काका पडद्यावरचं सांगत आणि त्या पलंगावरून दुरुस्त्या करत.

"अहो, बोगद्यातनं निघाली का गाडी आदी उजवीकडं वळती. मंग डबे एकेक करून दिसत्यात. एकदम नाय दिसत."

"आदी उजवीकडं," काका रजिस्टरमध्ये लिहीत.

मला आश्चर्य वाटायचं. गाडीत असायचे काका, आणि गाडीची माहिती काकूंना. एकदा विचारलंच.

"आमचं क्वार्टर टेकाडावर हुतं ना," काकू म्हणाल्या. "परसातनं सगळी गाडी दिसायची. मी डबे मोजायची. मंग शेवटाला यांचं इंजिन यायचं, आन् खिडकीतनं यांचा हात. हात दिसला का भात टाकायचा. घरी येईस्तवर शिजून तयार. आन् जेवताना मी यांना सांगायची, आज तुमची गाडी कशी दिसत हुती ते. यांना बिचाऱ्यांना काय, ती फुलीच."

मी हसलो आणि विसरलो.

आता राहिला शॉटचा शेवट. वीस वर्षांच्या अनुभवाने मी सांगितलं की शेवटी कॅमेरा वर वर जाऊ द्या, गाडी लहान होत होत दिसेनाशी होईल, लोकांना ते आवडतं. काका म्हणाले, नाही, खाली आणायचा. किती खाली? तर त्यांनी काकूंना दाराच्या चौकटीला उभं केलं आणि टेपने मोजलं. चार फूट दहा इंच. मग कपाळाचे चार इंच वजा केले आणि रजिस्टरमध्ये बघून त्यात दगडाचा सव्वा फूट मिळवला.

"कसला दगड?"

"धुन्याचा."

"काका, आकाशातल्या रुळाचा आणि धुण्याच्या दगडाचा काय संबंध?"

"दगडाचा सव्वा फूटच ना गं?" काकांनी काकूंना विचारलं. माझं बोलणं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

"सव्वाच. टाचा उचलायची मी, ते बी धरा."

काकांनी दोन इंच आणखी धरले. मला वाटलं, हे दोघं मिळून माझी फिरकी घेताहेत.

शेवटचा शॉट आम्ही एका बुधवारी दुपारी घेतला, वीज येऊन नुकताच तास झाला होता आणि लगेच पुन्हा जायची भीती नव्हती म्हणून. काका पडद्यासमोर, मी तिपाईमागे, काकू पलंगावर. कॅमेरा सुरू केला. खाली दरीतून गाडी निघाली आणि आम्ही तिच्यावरून निघालो. एकही हिसका नाही. पूल गेला, वाकडं झाड गेलं, गाडी शेवटच्या बोगद्यात शिरली. तेव्हा आमचा न दिसणारा डबा टेकाडाकडे वळला आणि हळूहळू खाली उतरू लागला. कौलारू क्वार्टर्स आली. त्यातल्या एकाच्या परसात आम्ही उतरलो. समोर दोरीवर एक हिरवं लुगडं वाळत होतं. आणि कॅमेरा थांबला. धुण्याच्या दगडावर टाचा उचलून उभ्या राहिलेल्या चार फूट दहा इंचांच्या बाईच्या डोळ्यांइतक्या उंचीवर.

तेव्हा कुठे मला कळलं. सगळं एकदम कळलं, आणि मी तिपाई घट्ट धरली.

"निघाली बोगद्यातनं," काका सांगू लागले. "उजवीकडं वळली. एक डबा. दोन. तीन."

काकू ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. काकांचा आवाज बदलत चालला होता. चौतीस वर्षं ज्या गाडीबद्दल ते जेवताना नुसतं ऐकत आले होते, ती आज पहिल्यांदाच त्यांच्या समोरून जात होती, आणि आज सांगायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

"लय झ्याक दिसती गं," ते म्हणाले. "तू सांगायची तशीच."

सोळावा डबा गेला. पिवळी फुली गेली. मागून बँकर आला, त्याची खिडकी आमच्या अगदी समोरून सरकली. खिडकी रिकामी होती. गेममधल्या ड्रायव्हरला हात हलवता येत नाही.

"हात दिसला का?" काकूंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं इंचाइंचाचा हिशेब ठेवणारा हा माणूस. आकाशातल्या डब्यालासुद्धा सिग्नल तोडू न देणारा.

"दिसला," काका म्हणाले. "दिसला ना. ह्ये भाऊ बी बगत्यात."

"हो काकू," मी घाईघाईने म्हणालो. "चांगला स्पष्ट दिसला."

"कोन्ता?"

"डावा," काका म्हणाले.

"उजवा," मी म्हणालो. आम्ही दोघे एकाच वेळी बोललो होतो.

मला माझी जीभ चावावीशी वाटली. पडद्यावर बँकर वळणाआड गेला आणि रूळ रिकामे राहिले. काकूंच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू हसू आलं.

"भाऊंचं जाऊ द्या, ते पयल्यांदाच बगत्यात," त्या म्हणाल्या. "डावाच असायचा." आणि पलंगावरून पाय खाली सोडले. "मी भात टाकते."

दुपारचे चार वाजले होते. काकू भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे निघाल्या. काका उठले आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर चालू लागले. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि काकांचा, "भाऊंचा बी टाक गं."

मी कॅमेरा बंद करायला विसरलो होतो. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे, आणि तिच्यात माझं ते "उजवा" स्पष्ट ऐकू येतं. भात थोडा मऊ झाला होता. मी दोनदा मागून घेतला.